प्रेरणेच्या कप्प्यातली पुस्तकं

औंढा नागनाथची आख्यायिका हिंगोली जिल्ह्यात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. नरसीचे नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला धाडलं आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलं. ही कथा सांगताना आपण रंगतो ते देऊळ फिरतं तिथे. शिंप्याच्या घरातल्या माणसाला समोरून उठवण्याचा हक्क आपल्याला आहे असं ज्यांना वाटलं, ते कथेतून कधी निघून जातात कळतही नाही. जात, वर्ण आणि जन्माने मिळालेली सवलत यांवरची पुस्तकं मराठी वाचक बहुतेक वेळा अशीच वाचत आला आहे.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि तेव्हापासून भेट म्हणून, बक्षीस म्हणून घरोघर गेलं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला जॉर्ज कार्व्हर तान्हा असतानाच आईसह पळवला गेला. पोर परत मिळालं, आई मिळाली नाही. पुढे कॅन्ससमधल्या एका महाविद्यालयाने त्याला पत्राने प्रवेश कळवला आणि तो दारात उभा राहिल्यावर कातडीचा रंग पाहून नाकारला. १८९६ मध्ये तो टस्कीगीला गेला आणि कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमुगाचा फेरपालट करायला शेतकऱ्यांना शिकवू लागला. कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या सेनगाव-वसमतकडच्या घरातल्या मुलाला हा माणूस आपला वाटणारच. पण पुस्तकाबद्दल बोलायला सांगा, म्हणजे चिकाटी, साधेपणा, श्रम असे शब्द येतात. कार्व्हर गरीब होता हे मुलं ठामपणे सांगतात, काळा असल्यामुळे त्याला काय भोगावं लागलं हे ओझरतं. यात मुलांचा दोष नाही, त्यांना आपण तसं वाचायला शिकवलं. गरिबीची गोष्ट कुणालाही दोषी न धरता सांगता येते. दारातून परत पाठवलं जाण्याच्या गोष्टीत परत पाठवणारा माणूस असतोच, आणि त्याच्याविषयी बोलावं लागतं.

मराठीत याहून वेगळं वाचन फार पूर्वी झालेलं आहे. कार्व्हर नऊ-दहा वर्षांचा असेल, तेव्हा, म्हणजे १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. दूरच्या गुलामीबद्दल वाचून हळहळायचं आणि पुस्तक मिटायचं, हे त्यांनी केलं नाही. तीच नजर त्यांनी आपल्या गावगाड्याकडे वळवली. वर्णभेदाच्या वाचनाला मराठी माणसाने दिलेला इतका सणसणीत प्रतिसाद मला दुसरा माहीत नाही.

‘बलुतं’ हे दलित आत्मकथन १९७८ सालचं. ग्रंथालीसारख्या वाचक चळवळीने ते काढलं, पु. ल. देशपांड्यांनी मनापासून स्वागत केलं, शहरी मध्यमवर्गाने हातोहात घेतलं. या वाचकाचा पहिला प्रतिसाद हळहळीचा होता. ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ अशी पुस्तकं येत राहिली तसा तोच वाचक म्हणू लागला, सगळ्यांत तेच ते आहे. जगणं तेच असेल तर पुस्तकात वेगळं कुठून येणार, हा विचार त्याने केला नाही. मला जास्त गंभीर वाटतो तो दुसरा प्रतिसाद, लेखकांच्या आपल्याच माणसांचा: आमची लाज वेशीवर का टांगता? तो राग कडवट होता, काही वेळा अन्यायाचाही. पण रागावलेल्या वाचकाने स्वतःला त्या पुस्तकात ओळखलं होतं. हळहळणाऱ्याने ओळखलं नव्हतं.

मराठवाड्यात ‘बलुतं’ किती जवळून वाचलं गेलं असेल याचा विचार पुण्या-मुंबईच्या समीक्षेने फारसा केलेला नाही. १९७८ मध्येच, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. बलुतं देणारं घर आणि घेणारं घर इथे एकाच गावात, एकमेकांची नावं ठाऊक असलेली. मुंबईच्या वाचकाला ‘बलुतं’मधला दगडू पवार पानातून भेटतो, इथल्या वाचकाला तो बाजारात भेटतो. इतक्या जवळून वाचणाऱ्याला नुसती हळहळ पुरत नाही. म्हणून बहुधा तो गप्प राहतो.

बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. त्यात सवर्णांना जाब आहे, आपल्या घरातल्या पुरुषांनाही आहे आणि शिकून वर गेल्यावर मागच्यांना विसरलेल्यांनाही आहे. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये, २००३ साली, ही धार आणखी घराच्या आत शिरली. या बायकांची पुस्तकं वाचताना कुणालाच बाहेर उभं राहून सहानुभूती दाखवता येत नाही. त्यांच्यावरची चर्चा मात्र अजून विद्यापीठाच्या चर्चासत्रांतच अडकली आहे.

आज जिल्ह्याच्या अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षेची मुलं वाचतात ती अधिकाऱ्यांची आत्मकथनं. डॉ. राजेंद्र भारूड यांचं ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यातलं एक. साक्री तालुक्यातल्या भिल्ल घरात, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा. आई मोहाची दारू विकून घर चालवते, मुलगा डॉक्टर होतो, मग सनदी अधिकारी. कळमनुरीच्या आंध मुलाला किंवा तांड्यावरच्या मुलीला या पुस्तकातून बळ मिळतं, ते बळ खरं आहे आणि त्याला नाक मुरडणाऱ्या समीक्षकाशी माझं भांडण आहे. अडचण पुढची आहे. एकाला जमलं मग बाकीच्यांना का नाही, असं सुखवस्तू वाचक याच पुस्तकाच्या आधाराने विचारतो. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’चंही असंच झालं. बापाचं बंड मागे पडलं आणि मुलांच्या पदव्या पुढे आल्या.

राहिलं बलुतं देणाऱ्या घराचं वाचन. आमच्या ओसरीवर एक कप वेगळा का ठेवलेला असायचा, हे पुस्तक वाचून आठवलं, असं लिहिलेला प्रतिसाद क्वचितच सापडतो. वाट दाखवणारं पुस्तक मात्र मराठीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सोवळ्याने पछाडलेल्या वडिलांपासून सुरू होतात. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर, आतून ओढाताण सोसत, त्या एकेक शिवाशिव सोडत जातात. वाचक त्यातल्या विनोदासाठी पुन्हापुन्हा तिकडे वळतो, पण तो विनोद बराचसा सोवळ्याच्याच फजितीतून येतो. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘बलुतं’ शेजारी ठेवून दोन्हींवर एका बैठकीत बोललं गेलं पाहिजे, आणि ते आधी हिंगोली-कळमनुरीच्या वाचनालयांत, महाविद्यालयांत. इथे दोन्ही बाजूंच्या घरातली मुलं एका बाकावर बसतात, आणि दोघांच्या आजोबांना त्या दिवसांबद्दल विचारायला अजून फार लांब जावं लागत नाही.