एका शब्दाची सरहद्द

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना माझा बराचसा वेळ मुलांचे तलफ्फुज दुरुस्त करण्यात जातो. 'जंग' म्हणजे लढाई आणि नुक्ता दिलेला 'ज़ंग' म्हणजे लोखंडावर चढणारा गंज, हे मी फळ्यावर लिहून दाखवते. मुले चुकतात, हसतात, पुन्हा म्हणतात. मराठी बोलताना मात्र परीक्षा माझी असते. घाईत 'ळ'चा 'ल' झाला की समोरचा माणूस किंचित थांबतो आणि विचारतो, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" या प्रश्नामागे दर वेळी आकस असतोच असे नाही. पण उच्चार ऐकून माणसाचे गाव, घर आणि जमात ठरवण्याची सवय आपणा सर्वांनाच आहे. हीच सवय हत्यारबंद सत्तेच्या हाती गेली तर काय होते, याचा विचार मी प्रथम केला तो हैतीच्या लोकांवर लिहिलेल्या तीन साहित्यकृती वाचताना. तिन्ही मी इंग्रजीतून वाचल्या. त्यांच्याविषयीच येथे लिहायचे आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या एकाच बेटावर हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. गुलामांनी बंड करून फ्रेंचांना हुसकावले आणि 1804 मध्ये हैती स्वतंत्र झाला. पुढे 1822 ते 1844 या काळात संपूर्ण बेटावर हैतीची सत्ता होती. त्यामुळे डॉमिनिकन लोक आपले स्वातंत्र्य स्पेनपासून नव्हे, तर हैतीपासून मिळाले असे मानतात. विसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी हैतीची माणसे मोठ्या संख्येने डॉमिनिकन हद्दीत गेली. सरहद्दीच्या पट्ट्यात तर अनेक हैती कुटुंबे पिढ्यानपिढ्या शेती करत होती. 1937 च्या ऑक्टोबर महिन्यात हुकूमशहा राफाएल त्रुहियो याच्या हुकमावरून सैनिकांनी या लोकांची कत्तल केली. गोळ्यांऐवजी मुख्यतः ऊसतोडीचे कोयते वापरले गेले, म्हणजे हे काम चिडलेल्या शेतकऱ्यांनी केले असे सांगता यावे. मेलेल्यांचे अंदाज काही हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत आहेत. 1938 मध्ये त्रुहियोच्या सरकारने हैतीला साडेसात लाख डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले. नंतर हा आकडाही कमी करून सव्वापाच लाखांवर आणला गेला.

या कत्तलीशी एक शब्द कायमचा जोडला गेला आहे : 'पेरेहिल'. आपल्या कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली नावाची भाजी असते, तिचे हे स्पॅनिश नाव. सैनिक भाजीची काडी पुढे धरून विचारत, "हे काय आहे?" स्पॅनिश माणसाच्या जिभेवर त्यातला 'र' स्वच्छ वाजतो. हैतीच्या क्रिओल भाषेत 'र'चा उच्चार घशाकडून होतो आणि भाजीला म्हणतात 'पेसी'. उच्चार चुकला की कोयता, असे सांगितले जाते.

या घटनेवरील पहिली मोठी कादंबरी हैतीच्याच जाक स्तेफान अलेक्सिस यांनी 1955 मध्ये फ्रेंचमध्ये लिहिली. इंग्रजी अनुवादाचे नाव 'जनरल सन, माय ब्रदर'. अलेक्सिस पेशाने डॉक्टर आणि विचाराने कम्युनिस्ट. 1961 मध्ये हैतीतल्या दुवालिए राजवटीविरुद्ध लढण्यासाठी ते गुपचूप मायदेशी उतरले, पकडले गेले आणि मारले गेले. त्यांचा नायक इलारियन हा राजधानीतला भुकेला गरीब. चोरी, तुरुंग, तिथे राजकीय कैद्याशी ओळख, मग बायकोसह पोटासाठी सरहद्दीपलीकडे ऊसतोडणी, आणि शेवटी कत्तलीतून पळताना सरहद्दीवर मृत्यू, असा त्याचा प्रवास आहे. अलेक्सिस यांच्या लेखी खरी सरहद्द दोन देशांमधली नाही. ती मळेवाला आणि मजूर यांच्यातली आहे. म्हणूनच कादंबरीत डॉमिनिकन मजूर हैतीच्या मजुरांबरोबर उभे राहतात. सूर्य हा गरिबांचा सेनापती आणि भाऊ, ही कल्पना पुस्तकभर ऊब देते. मात्र लेखकाला इलारियनला काहीतरी शिकवायची फार घाई आहे, असे मला वाटते. मी शिक्षिका असल्याने ही घाई चटकन ओळखू येते. मरतानाही या माणसाला धडा पूर्ण करावा लागतो.

अमेरिकेच्या कृष्णवर्णीय कवयित्री रीटा डव्ह यांची 'पार्सली' ही कविता 1983 च्या 'म्युझियम' या संग्रहात आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात उसाच्या मळ्यातल्या मजुरांचा सामुदायिक आवाज आहे. त्याच त्या ओळी फिरून येत राहतात आणि कोयत्याच्या फेऱ्यासारखी लय तयार होते. दुसरा भाग राजवाड्यात, हुकूमशहाच्या मनात घडतो. त्याला मेलेली आई आठवते, लाडका पोपट आठवतो, बाहेर मजुरांचे गाणे ऐकू येते आणि त्यात नसलेला 'र' खुपतो. आईला तो नीट म्हणता येत होता! तेवढ्यावरून कोणाला मारायचे, हे ठरते.

ही कविता अतिशय कसलेली आहे, यात शंका नाही. क्रौर्य हे वेडातून नव्हे, तर अगदी घरगुती, हळव्या आठवणीतूनही उगवू शकते, हे दाखवण्याचे धाडस तिच्यात आहे. तरीही ती वाचून माझे समाधान झाले नाही. कत्तलीचे कारण एका माणसाच्या दुःखात आणि एका शब्दाच्या नादात सापडते, तेव्हा ऊस, जमीन, कातडीचा रंग आणि राज्य चालवण्याचा हिशेब हे सगळे मागे सरकते. वाचकाच्या लक्षात राहतो तो शब्द. माणसे धूसर होतात. सुंदर कवितेतला हा धोका डव्ह यांना दिसला नसेल असे नाही, पण त्यांनी तो पत्करला आहे.

एडविज दाँतिका यांच्या 'द फार्मिंग ऑफ बोन्स' (1998) या कादंबरीत मात्र हाच शब्द वेगळ्या जागी येतो. मळ्यावरचे मजूर ऊसकामाला 'हाडांची शेती' म्हणतात, त्यावरून हे नाव. निवेदक अमाबेल ही हैतीची मुलगी. तिचे आईवडील सरहद्दीवरच्या नदीत बुडाले, तेव्हापासून ती एका डॉमिनिकन घरात मोलकरीण म्हणून वाढली. मालकीण व्हॅलेन्सिया तिच्याच वयाची, जवळजवळ मैत्रीण. कादंबरीच्या आरंभी अमाबेल व्हॅलेन्सियाचे बाळंतपण करते. जुळी होतात : मुलगा उजळ, मुलगी सावळी. आईला लगेच चिंता पडते की, ही तुमच्या लोकांतली तर समजली जाणार नाही ना! कत्तल अजून पुष्कळ पाने दूर आहे, पण तिचे बीज बाळंतिणीच्या खोलीत, प्रेमाच्या बोलण्यात पडलेले आहे.

पुढे पळून जात असताना दाहाबोन गावात जमाव अमाबेलला घेरतो. याच जागी दाँतिका यांनी त्या प्रसिद्ध दंतकथेला छेद दिला आहे. अमाबेलला वाटते की, आपण ठरवले तर तो शब्द शांतपणे, बरोबर म्हणू शकू. बाजारात तिने तो कितीदा म्हटला आहे. पण तिला म्हणण्याची संधीच मिळत नाही. तिच्या तोंडात ती भाजीच कोंबली जाते. सरहद्दीवरची माणसे दोन्ही भाषा बोलत होती, हे इतिहासातूनही दिसते. मग उच्चाराची परीक्षा कशासाठी? निकाल आधीच लागलेला असतो, परीक्षा केवळ मारणाऱ्याच्या समाधानासाठी असते. हे एक वाक्य मला या कादंबरीने शिकवले, आणि ते कादंबरीत कुठेही वाक्य म्हणून लिहिलेले नाही.

या कादंबरीवर एक आक्षेप मात्र मनात येतो. ज्या गोष्टीत एका 'र'वर जीव जातो, त्या गोष्टीतली सगळी माणसे एकाच संथ, घासलेल्या इंग्रजीत बोलतात. मालकिणीची स्पॅनिश आणि मजुरांची क्रिओल अधूनमधून एखाद्या शब्दापुरती दिसते, एवढेच. लहेजाचा फरक कानावर पडतच नाही. पहिल्या वाचनात मला हा दोष वाटला.

दुसऱ्या वाचनात माझे मत बदलले. दाँतिका 1969 मध्ये हैतीच्या राजधानीत जन्मल्या. घरची भाषा क्रिओल, शाळेची फ्रेंच. बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आईवडिलांकडे गेल्यावर इंग्रजी. हैतीत क्रिओल सगळेच बोलतात, पण तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला तो 1987 च्या राज्यघटनेत. त्या आधी 1975 मध्ये फ्रांकेतिएन यांनी 'देझाफी' ही क्रिओलमधली पहिली कादंबरी लिहून दाखवली होती. 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी घरची भाषा साहित्याच्या दिवाणखान्यात आणली. दाँतिका यांनी उलट कथा तिसऱ्याच घरात नेली. त्या इंग्रजीत मालकीण आणि मोलकरीण, मारणारा आणि मरणारा सारख्याच उच्चाराने बोलतात. पानावर वाचकाला त्यांची वर्गवारी करता येत नाही. सैनिकाने जी परीक्षा घेतली, ती लेखिका आपल्या वाचकाला घेऊ देत नाही. मला जी उणीव वाटली, ती बहुधा या कादंबरीची नीती आहे.

1961 मध्ये त्रुहियो मारला जातो आणि त्यानंतर अमाबेल जुन्या घरी जाते. व्हॅलेन्सिया तिला ओळखत नाही. आपण आपणच आहोत हे पटवण्यासाठी तिला जुन्या आठवणी सांगाव्या लागतात. म्हणजे पुन्हा परीक्षाच. या वेळी प्रेम करणाऱ्या माणसाकडून. कत्तलीच्या वर्णनापेक्षा हा प्रसंग मला जास्त जड गेला.

ही सारी गोष्ट 1937 ची म्हणून मिटवता येत नाही. 2013 मध्ये डॉमिनिकन घटनात्मक न्यायालयाने 1929 पासून त्या देशात जन्मलेल्या, पण ज्यांच्या आईबापांकडे रीतसर कागद नव्हते अशांचे नागरिकत्व नाकारले. यात बहुसंख्य हैती वंशाचे होते. दाँतिका यांनी आणि डॉमिनिकन वंशाचे कादंबरीकार जुनो दियास यांनी मिळून त्याविरुद्ध आवाज उठवला. जिभेच्या जागी कागद आला. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या जागा बदलल्या नाहीत.

तीन लेखकांनी एकाच घटनेपाशी तीन प्रश्न विचारले. अलेक्सिस विचारतात, यातून फायदा कोणाचा झाला? डव्ह विचारतात, मारणाऱ्याच्या मनात काय होते? दाँतिका विचारतात, ज्याच्या तोंडाकडे सगळे बघत होते त्याला काय वाटत होते? पहिले दोन प्रश्न आवश्यकच आहेत. पण तिसरा विचारल्यावाचून पहिल्या दोघांची उत्तरे अपुरी राहतात, असे माझे मत आहे.

नुक्ता शिकवणे मी सोडलेले नाही, सोडणारही नाही. भाषा नीट बोलता येणे ही देणगी आहे आणि ती मुलांना मिळायलाच हवी. मात्र 'ज़'चा 'ज' करणाऱ्या मुलाला उभे करून सगळ्या वर्गाला त्याच्या तोंडाकडे बघायला लावण्याची माझी जुनी पद्धत होती, ती बंद केली आहे. आता तो शब्द सगळा वर्ग एकत्र म्हणतो.