पुरणपोळी आणि पाळत

शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली, तेव्हापासून विदर्भातल्या एका बाईला आपल्या नवऱ्याच्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटू लागते. मग ती त्याला पुरणपोळी करून घालते, पोराला त्याच्या मागावर ठेवते, क्षणभर एकटं सोडत नाही. आपले एवढे लाड कशापायी चाललेत, हे त्या बापड्याला उमगत नाही. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (२००९) गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी हा खेळ इतक्या सरळ चेहऱ्याने करतात, की हसणाऱ्यालाच चोरट्यासारखं होतं.

हा चित्रपट रॉटरडॅमच्या महोत्सवात गेला. पुढच्याच वर्षी शेतकरी आत्महत्येवरचाच 'पीपली लाइव्ह' आला, आमिर खानच्या निर्मितीमुळे घरोघरी पोचला. त्याचा रोख टीव्हीवाल्यांवर आणि पुढाऱ्यांवर होता, त्यामुळे प्रेक्षकाला अंग झटकून हसता आलं. मनवर चुलीपाशीच थांबले. तिथून अंग काढून घेणं अवघड, आणि म्हणूनच त्यांचा चित्रपट सरस.

मराठी प्रेक्षकाला मरणावरचा असला काळा विनोद पचत नाही, ही सबब टिकणारी नाही. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये १९७४ सालीच मेलेला माणूस कीर्तनाच्या थाटात स्वतःची कथा सांगत होता. नाटकाने पन्नास वर्षांपूर्वी पचवलेलं सिनेमाला अजून महोत्सवाच्या ताटातच वाढावं लागतं.

मराठी सिनेमात चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'एवढा करडा विनोद दुसऱ्या कोणाला जमलेला नाही. आरोप असा, की लोकशाहिराचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. आता हा आरोप कोणीही हसून उडवून लावेल. पण न्यायालयात त्यावर शांतपणे, कागद चाळत, जबान्या नोंदवत कामकाज चालतं. एका बाईचा पोशाख बिनबाह्यांचा, म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरणच ऐकत नाहीत, पुढची तारीख देतात. कॅमेरा हलत नाही, कोणी आवाज चढवत नाही. २०१४ मध्ये व्हेनिसला या चित्रपटाने दोन पुरस्कार घेतले, पाठोपाठ सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

'कोर्ट'मधल्या सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी पुढे मंगेश जोशी यांच्या 'कारखानिसांची वारी'त दिसल्या. थोरल्या भावाच्या अस्थी घेऊन अख्खं कुटुंब एका गाडीत कोंबून निघालंय आणि प्रत्येकाचं अर्धं लक्ष मृत्युपत्राकडे. २०२०च्या टोकियो महोत्सवात तो दाखवला गेला, पुढच्या वर्षी ओटीटीवर आला. गाडीतली कुरबुर फर्मास आहे. पण एकेक गुपित बाहेर पडू लागलं की धार कमी होते, माणसं एकमेकांना समजून घ्यायला लागतात. आपल्या दिग्दर्शकांना हा मोह फार. तिरडीवर हसवायचं आणि मग त्याबद्दल माफीही मागायची!

जयंत सोमलकर यांनी 'स्थळ'मध्ये ती मागितली नाही. शुद्ध डार्क कॉमेडी तो नव्हे. पण मुलगी पाहण्याचा तोच कार्यक्रम, तेच प्रश्न, तीच उंचीची चौकशी पुन्हा पुन्हा होत राहते, तेव्हा हसण्याचा रंग आपोआप काळवंडतो. टोरांटोत २०२३ साली त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत तो पोचायला मार्च २०२५ उजाडला.

असे चित्रपट महोत्सवातच गाठायचे, तर नवी मुंबईजवळच्या उलव्यातल्या रसिकाला अटल सेतूमुळे दक्षिण मुंबई जवळ आली खरी, पण २०२५ साली मामीचा मुंबई चित्रपट महोत्सवच भरला नाही. उरतं पुणं, नाहीतर गोवा. गंमत म्हणजे या जातीच्या चित्रपटाला लागणारा कच्चा माल त्याच्या दारात पडून आहे. नवी मुंबई विमानतळासाठी ९० मीटरच्या आसपास उंचीची टेकडी सपाट झाली, नदीचं पात्र वळवलं, गावं उठली. उठलेल्यांनी मागितलं काय, तर विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं ते त्या नावाशिवाय. जमिनीच्या मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाईल, तिचे वारस, नदी वळवण्याचा नकाशा: 'कोर्ट'च्या शांतपणाने यातलं नुसतं एक टेबल दाखवलं तरी पुरे. मात्र त्यासाठी तिथली आगरी बोली कानात मुरलेला लेखक हवा. पुणेरी संवाद लिहून वर चार आगरी शिव्या भुरभुरवणाऱ्याचं ते काम नव्हे.