भरवसा गाऊन येतो का?

मराठीत 'भरवसा' हा शब्द आपण बहुतेक वेळा नकारातच वापरतो. एसटीचा भरवसा नाही, पावसाचा भरवसा नाही, त्या माणसाचा तर अजिबातच भरवसा नाही. कुणी सरळ तोंडावर 'मला तुझा भरवसा आहे' म्हणालं, तर आपल्याला अवघडल्यासारखं होतं. हा शब्द होकारात ऐकायची सवय मला लागली ती आजीमुळे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बायांची प्रार्थना व्हायची. आधी दोन गीतं, मग शास्त्र, त्यावर बोलणं, पुन्हा गीत आणि शेवटी चहा. पेटी असली तर असली, टाळ मात्र हवेतच.

मी त्या चटईवर वाढले आणि पुण्यात आल्यावर हळूहळू तिथून उठलेसुद्धा. भांडण वगैरे काही झालं नाही. रविवारची झोप जास्त प्रिय झाली, एवढंच. गेल्या वर्षी आजी दवाखान्यात होती. रात्री तिने मला एक गीत म्हणायला सांगितलं आणि पहिल्या कडव्यापुढे मला काही आठवेना. मी मराठी साहित्य शिकलेली मुलगी. नारायण वामन टिळकांवर परीक्षेत पानं भरून लिहिलेली. पण त्यांचीच गीतं मी कविता म्हणून कधी वाचलेली नव्हती. हा लेख त्या शरमेतून आला आहे.

शाळेत टिळक भेटतात ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून. 'केवढे हे क्रौर्य'मधला घायाळ पक्षी सगळ्यांना आठवतो. चर्चमध्ये ते भेटतात रेव्हरंड टिळक म्हणून, 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात. माझ्या अभ्यासक्रमाने पहिले टिळक घेतले आणि दुसरे चर्चकडे सोपवले. चर्चने ते जपले, पण गाताना कविता कशी बांधली आहे हे कोण बघत बसणार? त्यामुळे शंभराहून जास्त वर्षं माणसं ज्या ओळी जन्माला, लग्नाला आणि मातीला म्हणत आली, त्या ओळी नेमकं काय करतात, हे मला कुणी शिकवलंच नाही.

टिळकांची गोष्ट सुरू होते ती वाचनापासून. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि वाचत राहा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. पुस्तक टिळकांना फारसं आवडलं नव्हतं, पण शब्द दिला म्हणून ते वाचत राहिले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी अभ्यास, मग भरवसा, मग गाणं. क्रम स्वच्छ दिसतो, पण मला तो पटत नाही. कारण हा माणूस बायबल उघडण्याआधी कितीतरी वर्षं अभंग ऐकत आलेला होता. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतःच सांगत. कान आधी तयार होता.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. ख्रिस्ती अभंग म्हणजे परदेशी देवाला नेसवलेलं देशी धोतर, धर्मप्रसाराची एक युक्ती. आक्षेप अगदीच पोकळ नाही. १६१६ मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं तेव्हा ओवी वापरण्यामागे लोकांपर्यंत पोहोचण्याचा हेतू होताच. पण कपडे उतरवता येतात. टिळक ख्रिस्ताला 'माउली' म्हणतात, तो शब्द काढून बघा. त्याजागी 'प्रभू' घाला, 'तारणारा' घाला. मात्रा जुळवता येतील, पण बोलणाऱ्याची जागाच बदलते. प्रभूपुढे माणूस उभा राहतो. माउलीपुढे रुसता येतं, पदर ओढता येतो, उशीर का केलास असं विचारता येतं. भरवसा कसा असतो हे समजावण्याऐवजी तो शब्द आपल्याला भरवशाच्या अंतरावर नेऊन बसवतो.

आणि ही माउली टिळकांनी केवळ ज्ञानेश्वर-तुकारामांकडून उसनी आणली असंही नाही. यशयाच्या ६६व्या अध्यायात देव स्वतःची तुलना सांत्वन करणाऱ्या आईशी करतो. मत्तयच्या २३व्या अध्यायात येशू यरुशलेमबद्दल बोलताना पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचं उदाहरण देतो. पुलाच्या दोन्ही टोकांना आई आहे. हे शास्त्र उघडल्याशिवाय कळत नाही, आणि 'माउली' म्हणत गायल्याशिवाय शास्त्रातल्या त्या जागांकडे लक्षही जात नाही. बुधवारच्या चटईवर गीत आणि शास्त्र आलटून पालटून का यायचं, हे मला तेव्हा नुसतं वेळापत्रक वाटायचं.

मराठी बायबलची आणखी एक गंमत आहे. स्तोत्रसंहितेत किंवा नीतिसूत्रांत देवावर विसंबून राहा असं सांगताना जुन्या भाषांतरात पुष्कळदा 'भाव ठेवणे' असा प्रयोग येतो. आज आपल्याकडे भाव कांद्याला असतो. भाव खातात, भाव देतात, इन्स्टावर कुणी रिप्लाय केला नाही तर 'भाव देत नाही' म्हणतात. पण भाषांतरकारांनी उचललेला भाव पंढरीच्या वाटेवरचा आहे. 'विश्वास ठेव' म्हटलं की एखादी गोष्ट खरी मान, असा सूर लागतो. जणू पुढे पुरावा मागितला जाणार आहे. 'भाव ठेव' मध्ये ओढ आहे, कल आहे. डोकं अजून वाद घालत असलं तरी भाव ठेवता येतो. म्हणून मराठीतून बायबल वाचणारा माणूस, त्याला माहीत असो वा नसो, अर्ध्या वाटेवर अभंगातच असतो.

हे सगळं लिहून झाल्यावर मला टिळकांशी भांडायचंही आहे.

तुकारामाचा पूल टिळकांना मोकळा होता. ते कोकणस्थ ब्राह्मण. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले, आमचं घरही त्यातलंच. आमच्या पूर्वजांसाठी त्या पुलावर पहारा होता. चोखामेळ्याची समाधी पंढरपुरात देवळाच्या पायरीपाशी आहे, आणि साने गुरुजींनी मंदिरप्रवेशासाठी उपोषण केलं ते १९४७ मध्ये. माझ्या पणजीने अभंग ऐकला असेल तो बाहेर उभं राहून. मग तिला तोच छंद, तेच टाळ, तीच 'माउली' चर्चमध्ये मिळाली तेव्हा काय झालं असेल? टिळकांसाठी ते आपलं घर नव्या घरात नेणं होतं. तिच्यासाठी पहिल्यांदाच आत बसून गाणं होतं. एकाच ओळीत दोन माणसांचे दोन वेगळे भरवसे राहतात. टिळकांच्या गीतांत मला पहिला स्पष्ट ऐकू येतो. दुसऱ्यासाठी गाणाऱ्या बायांचा आवाज ऐकावा लागतो. मध्येच एखादा जड संस्कृत जोडशब्द आला की त्या बाया त्यावरून कशा घसरत जातात, ते मी लहानपणापासून ऐकलं आहे. कवीला आपला गाणारा कोण आहे याचा विसर पडला की असे शब्द येतात. अर्थात गोडव्याचाही अतिरेक आहेच. दहा गीतं सलग वाचली तर मला पाणी प्यावंसं वाटतं.

सलग वाचणं हीच मुळात चूक असेल. ही गीतं डोळ्यांसाठी नाहीत. अभंगात एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात, पुन्हा ध्रुपदावर येतात. ओळ असते 'मी'ची: मी तुझा, मी थकलो, मला सोडू नकोस. पण तो 'मी' तीस-चाळीस माणसं एकदम म्हणतात. छापील पानावर कबुली एकट्याची वाटते. गाताना तिचं वजन वाटलं जातं. त्या संध्याकाळी ज्या बाईच्या नवऱ्याने तिला मारलेलं असे, तिच्या तोंडून शब्द निघत नसत, तेव्हा शेजारची तिच्या वाटचं गात असे. मी हे पाहिलं आहे. भरवसा म्हणजे आपल्या मनात आपण एकट्याने निर्माण करायची अवस्था, असं मी पुण्यात येऊन समजू लागले आणि ती अवस्था सापडेना म्हणून बाहेर पडले. चटईवर तो साखरेसारखा उसना मिळायचा, वाटीने.

मग शास्त्र कशाला, नुसतं गायलं तरी भागेल? नाही भागत. मार्कच्या १४व्या अध्यायात एक साधं वाक्य आहे: शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गातात आणि जैतुनांच्या डोंगराकडे निघतात. वल्हांडणाच्या भोजनानंतर गायची ती स्तोत्रं, म्हणजे ११३ ते ११८मधली, असं अभ्यासक मानतात. त्यातल्या शेवटच्या स्तोत्रात माणसांपेक्षा देवाचा आसरा बरा, असं म्हटलं आहे. गाऊन झालं. पुढच्या काही ओळींत गेथशेमाने बाग येते आणि तिथे तो भयाने कासावीस होतो. मी बाराएक वर्षांची असताना बुधवारी हा भाग वाचला गेला. एक बाई, जिचा मुलगा त्याच वर्षी गेला होता, एकदम म्हणाली, "गाऊन गेला तरी घाबरलाच की. मग गाऊन काय झालं?"

कुणी उत्तर दिलं नाही. आजीनेही नाही, आणि आजीला बहुतेक सगळ्याचं उत्तर असायचं. चहा त्या दिवशी उशिरा झाला.

मला आज वाटतं की तो प्रश्न त्या खोलीत विचारता आला, यातच शास्त्राभ्यासाचं काम झालं होतं. गीत धीर देतं, पण त्याला सगळं गोड करून टाकायची खोड असते. शास्त्र तिथे खडा टाकतं. वधस्तंभावर येशू 'माझा त्याग का केलास' असं ओरडतो, ते २२व्या स्तोत्राचं तोंड आहे. म्हणजे मरताना त्याच्या तोंडात गीतच आहे, पण तक्रारीचं. १५० स्तोत्रांत अशी गाऱ्हाणी खूप आहेत. टिळकांच्या गीतांत ती त्यामानाने कमी आहेत आणि तिथे मला ते तुकारामाच्या मागे पडलेले वाटतात. तुकाराम विठ्ठलाशी रोखठोक भांडतो. टिळक लवकर शांत होतात.

भांडायचं काम घरातच दुसऱ्या कुणीतरी केलं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना मला हे फार जाणवतं. नवऱ्याने न सांगता धर्म बदलला, संसार मोडला, आणि त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, पाच वर्षांनी. मधल्या काळात कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या हातचं नाही, हे त्या एकेक घोट करत ठरवत गेल्या. जातिभेद देवाने केला की माणसांनी, असा प्रश्न स्वतःला विचारून त्यांनी एका रात्री तो सोडला, ते पान मराठी गद्यातल्या सर्वांत शांत पानांपैकी असेल. तिथे भजन नाही, प्रवचन नाही. एक बाई अंथरुणावर पडून विचार करते आहे. भरवसा असाही येतो, टाळ न वाजवता. आणि पुढे? टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. १९१९ मध्ये ते गेल्यावर जिला लग्नानंतर कशीबशी अक्षरओळख झाली होती त्या बाईने पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरं केलं. येशूचं चरित्र ओवीत लिहायचं तर शुभवर्तमानाचं एकेक वाक्य किती वेळा वाचावं लागलं असेल, याचा अंदाज करा. अभ्यास आणि गाणं यांच्यात मी वर जी रेघ मारली, ती लक्ष्मीबाईंच्या टेबलावर पुसलेली दिसते.

आता आमच्या गावातल्या तरुणांच्या सभेत की-बोर्ड आणि ड्रम आहेत, यूट्यूबवर पाहून बसवलेली, हिंदी-इंग्रजीवरून आणलेली गाणी आहेत. त्यांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. मुलं येतात, नाचतात, रडतात. पण त्यातली बरीच गाणी सुरुवातीलाच विजयाला पोचलेली असतात आणि मग तिथेच फिरत राहतात. ज्याचा मुलगा गेला आहे त्याला उभं राहायला त्यात जागा नाही. शिवाय ती कानात इअरफोन घालून ऐकली जातात. चाळीस जणांनी म्हणायचा 'मी' पुन्हा एकट्याचा होतो.

हे मी म्हणते आहे खरं, पण दवाखान्यातल्या त्या रात्री मीही फोनच काढला. गीताचे शब्द सापडले, एक रेकॉर्डिंगही सापडलं, चकचकीत, मागे व्हायोलिनं. शेजारचे पेशंट झोपले होते म्हणून आवाज अगदी लहान ठेवला. आजी गायला लागली, पण रेकॉर्डिंगच्या एक ओळ मागे. ते पुढे पळायचं आणि ही आपल्या चालीने येत राहायची. शेवटी मी ते बंद केलं आणि स्क्रीनवर बघून म्हणू लागले. दुसऱ्या कडव्यात टिळकांचा एक लांबलचक जोडशब्द आहे. आजीने त्याच्या जागी तिचा नेहमीचा, साधा, घरातला शब्द म्हटला.

"आजी, इथे तसं नाहीये," मी फोन दाखवून म्हणाले.

"तुझ्या फोनात नसंल," ती म्हणाली. "तू म्हण पुढं."