फोकस चुकला, पण कोणाचा?

आजचा विषय ऐकायला तांत्रिक आहे, पण माझी मूळ तक्रार समीक्षेबद्दल आहे. लेन्सबद्दल जे लिहिलं जातं ते वाचा. ‘ज्युपिटर ही रशियन लेन्स मऊ आहे.’ ‘अमुक कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर अचूक आहे.’ ही दोन्ही विधानं अर्धवट आहेत. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात अचूकपणा हा एकट्या कॅमेऱ्याचा गुण नसतो आणि एकट्या लेन्सचाही नसतो. तो जोडीचा गुण असतो. जोडी न सांगता दिलेला निकाल शिकणाऱ्या मुलाच्या खिशाला चाट लावतो, आणि ‘मला फोकसच जमत नाही’ असंही त्याच्या मनात भरवतो.

आधी यंत्र समजून घेऊ. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये तसं नाही. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात आणि त्यांच्या प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मध्यावर एकमेकींवर पडतात. रिंग फिरवली की एक प्रतिमा सरकते. दोन्ही जुळल्या की फोकस झाला असं आपण मानतो. ‘मानतो’ हा शब्द लक्षात ठेवा. कारण डोळ्याने लेन्समधून काहीच पाहिलेलं नसतं. लायकामध्ये लेन्सच्या मागची कडा आतलं एक छोटं चाक ढकलते आणि चाक तो निरोप रेंजफाइंडरला देतं. सगळी भिस्त त्या निरोप्यावर.

आता पहिला प्रश्न: निरोप किती बारीक पोचतो? दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरमधून वस्तू जितक्या पट दिसते तो आकडा, याला आपण परिणामी पाया म्हणू. १९५४च्या लायका एम ३ मध्ये हे साधारण ६८.५ मिमी गुणिले ०.९१, म्हणजे ६२ मिमी. नंतरच्या एम २ मध्ये खिडक्या तितक्याच अंतरावर आहेत. पण ३५ मिमी लेन्सची चौकट मावावी म्हणून पट ०.७२ वर आणली, पाया ५० मिमीच्या आत आला. फोइग्टलेंडर बेसा-आर मध्ये तो जेमतेम २५.

म्हणजे बेसा वाईट? थांबा. लेन्स किती मागते ते बघू. फोकल लेंग्थचा वर्ग करा आणि एफ आकड्याने भागा. ३५ मिमी एफ २ साठी उत्तर येतं सुमारे ६१०. ५० मिमी एफ १.५ साठी १,६७०. ९० मिमी एफ २ साठी ४,०५०. म्हणजे त्याच अंतरावरच्या माणसासाठी ९० ची लेन्स ३५ च्या साडेसहापट काटेकोरपणा मागते. एक मीटरवर ३५ एफ २ ला सुमारे दहा सेंटिमीटरची मुभा असते, ९० एफ २ ला दीड. बेसावर ३५ लावा, आयुष्यभर तक्रार येणार नाही. ९० एफ २ लावून चेहरा टिपायला जा, डोळ्याऐवजी कान धारदार येईल. कॅमेरा तोच, निकाल दोन.

दुसरा प्रश्न जास्त गमतीचा आहे: दोघांची भाषा एक आहे का? ५० मिमी लिहिलेली लेन्स खरोखर ५० ची नसते. लायकाने प्रमाण धरलं ५१.६ मिमी. झाइसच्या कॉनटॅक्सचं प्रमाण ५२ च्या थोडं वर. महायुद्धानंतर कॉनटॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली. ‘कीव’ हा कॅमेरा निघाला आणि झाइसच्या सोनारवरून ज्युपिटर लेन्सेस आल्या. याच लेन्सेस लायकाच्या स्क्रू-माउंटमध्येही बनल्या. पण त्यांची फोकल लेंग्थ ५२.४ च्या आसपासच राहिली.

आठ दशांश मिलिमीटरने काय बिघडतं? अनंताला काहीच नाही. एक मीटरवर मात्र लेन्स जितकी पुढे यायला हवी, त्यापेक्षा साधारण एक दशांश मिलिमीटर मागे राहते. फिल्मच्या बाजूला एफ १.५ ला चालतं त्याच्या दुप्पट. फोकस विषयाच्या मागे जातो, सुमारे तीन सेंटिमीटर. रेंजफाइंडर म्हणतो डोळा, लेन्स धरते कान. यात लेन्सचा दोष नाही. तिला लायकाची बोली येत नाही, एवढंच. आणि आपण लिहून मोकळे होतो: ‘रशियन माल, मऊ.’

तिसरी गोष्ट म्हणजे ॲपर्चर बदललं की फोकसही सरकतो. सोनार घडणीत हे ठळक दिसतं. ॲपर्चर बारीक केलं की फोकस थोडा मागे जातो. एफ २.८ ला जुळवलेली सोनार पूर्ण उघडल्यावर विषयाच्या पुढे धारदार असते. एसएलआरवाला निदान प्रिव्ह्यूचं बटण दाबून बघेल. रेंजफाइंडरला याचा पत्ताच नसतो, त्याला ॲपर्चर कळतच नाही.

म्हणून समीक्षकाकडून माझ्या अपेक्षा साध्या आहेत. कोणता कॅमेरा, कोणतं अंतर, कोणतं ॲपर्चर, हे लिहा. शक्य असेल तर दोन कॅमेरे आणि दोन लेन्सेस घेऊन चारही जोड्या तपासा. एका कॅमेऱ्यावर दोन्ही लेन्सेस सारख्याच चुकल्या तर कॅमेरा बघा. एक लेन्स दोन्हीकडे चुकली तर लेन्स. अनंताला ठीक आणि जवळ येताना चूक वाढत गेली, तर दोन प्रमाणांचा बेबनाव असण्याची शक्यता मोठी. तिरकी ठेवलेली फूटपट्टी, तिवई आणि थोडा धीर, एवढ्यात हे होतं. ‘धार’ या एका शब्दाखाली काचेचा गुण आणि फोकसची चूक दोन्ही कोंबणं थांबवू या.

(श्रोत्यांमधून प्रश्न: ज्युपिटरमध्ये शिम घालून ती लायकासाठी दुरुस्त करता येते ना?)

येते. शिम म्हणजे धातूची पातळ चकती. ती वाढवली की काच फिल्मपासून किंचित लांब जाते आणि जवळचा फोकस जुळतो. पण मग पूर्ण उघड्या ॲपर्चरला अनंत थोडं सुटतं. चकती एका ठिकाणची चूक काढते, दोन प्रमाणांमधला फरक काढत नाही. तुम्ही माणसांचे चेहरे टिपत असाल तर जरूर करा, दूरची दृश्यं बारीक ॲपर्चरवर निभावतात. आणि लेन्स विकायला काढाल तेव्हा ती कोणत्या कॅमेऱ्यासाठी, किती अंतराला जुळवली आहे, हे घेणाऱ्याला सांगा. नाहीतर पुढचा माणूस पुन्हा लिहील, रशियन माल, मऊ.