'कावीळ' या शब्दाआडचा आजार : एच.आय.व्ही.सह जगणारे समलैंगिक पुरुष, हिपॅटायटिस-सी आणि आपले कथन – एक चिकित्सा

प्रस्तावना

लैंगिक आरोग्याविषयी मराठीत स्पष्टपणे लिहिण्याची परंपरा नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक एकहाती चालविले. त्यातील मजकुरावरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. निकाल कर्वे यांच्या विरोधात गेला. परंतु वाचकाने विचारलेल्या प्रश्नाला शास्त्राधारे सरळ उत्तर देणे हे अश्लील नव्हे, ही भूमिका मराठी विचारविश्वात कायमची नोंदली गेली. या कसोटीवर आजचे आपले लेखन कितपत उतरते, हे एका विशिष्ट प्रश्नाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो प्रश्न म्हणजे एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या समलैंगिक व उभयलैंगिक पुरुषांना असणारा हिपॅटायटिस-सी या यकृतरोगाचा धोका.

मृत्यूपाशी थांबणारे कथन

आपल्याकडील एड्सविषयक कथनाचा साचा समजून घेण्यासाठी गोव्यातील डॉमिनिक डिसोझा यांचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. रक्तदानाच्या निमित्ताने त्यांचा एच.आय.व्ही. संसर्ग उघड झाला आणि १९८९ मध्ये त्यांना ६४ दिवस सक्तीने एकांतवासात ठेवण्यात आले. त्याविरुद्ध त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. १९९२ मध्ये डॉमिनिक यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनाने प्रेरित होऊन ओनिर यांनी २००५ मध्ये 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट केला. गोव्यातील एक जलतरणपटू, त्याला दुरावलेले आईवडील, त्याच्यामागे ठामपणे उभी राहणारी बहीण आणि त्याचा जोडीदार नायजेल यांची ही कथा आहे. समलैंगिक नात्याकडे उपहासाशिवाय पाहणारा चित्रपट म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे.

तथापि हे कथन मृत्यूपाशी थांबते. ज्या काळाची ती कथा आहे, त्या काळाशी ते प्रामाणिकच आहे. अडचण अशी की आपली सामाजिक कल्पनाशक्तीही तेथेच थांबली. १ एप्रिल २००४ पासून भारतात शासकीय केंद्रांतून ए.आर.टी. औषधे मोफत मिळू लागली. नियमित औषध घेणारा रुग्ण आज दीर्घायुष्य जगतो. मात्र जो जगतो, त्याला यकृतही सांभाळावे लागते, याची कथा आपण लिहिली नाही.

मराठीतील सर्जनशील साहित्यात विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकापासून सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीपर्यंत समलैंगिक आकर्षणाचे चित्रण धीटपणे आले आहे. या कृतींत आजाराचा विचार नाही, हा त्यांचा दोष मानता येणार नाही. साहित्यकृती ही आरोग्यपत्रिका नसते. बिंदुमाधव खिरे यांनी 'इंद्रधनू' व 'मानवी लैंगिकता : एक प्राथमिक ओळख' यांसारख्या पुस्तकांतून माहितीपर लेखनाची उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. असे असूनही फलक, पथनाट्य आणि १ डिसेंबरचे भाषण यांतून जे सार्वजनिक आरोग्यलेखन महाविद्यालयांपर्यंत पोहोचते, त्याचा आशय संसर्गाचे चार मार्ग सांगून संपतो.

'कावीळ' या शब्दाची मर्यादा

दुसरी अडचण शब्दाची आहे. हिपॅटायटिस म्हटले की मराठी मनात 'कावीळ' उभी राहते. डोळे पिवळे होणे, पथ्य पाळणे, गावातील जाणत्याकडून कावीळ 'उतरवून' घेणे हा आपला परिचित अनुभव. दूषित पाण्यातून होणारी कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते आणि श्रेय मंत्राला किंवा माळेला मिळते. हिपॅटायटिस-सी या चौकटीत बसत नाही. तो पाण्यातून नव्हे, तर रक्तातून पसरतो. बहुसंख्य रुग्णांमध्ये डोळे पिवळे होतच नाहीत. वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दिसता यकृत निबर होत जाते आणि पुढे सिऱ्हॉसिस किंवा कर्करोग उद्भवू शकतो. एच.आय.व्ही.चा सहसंसर्ग असल्यास ही प्रक्रिया अधिक वेगाने घडते. 'मला कावीळ झाली नाही' या समाधानात राहणारा रुग्ण प्रत्यक्षात शब्दाने फसविला गेलेला असतो.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्या शोधासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्त्री-पुरुषांच्या स्थिर संबंधांत तो लैंगिक मार्गाने क्वचितच पसरतो. त्यामुळे तो लैंगिक आजार नव्हे, असा समज दीर्घकाळ होता. २००० नंतर लंडन, पॅरिस, अ‍ॅम्स्टरडॅम या शहरांत एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व सुया न टोचणाऱ्या समलैंगिक पुरुषांमध्येही नवे संसर्ग आढळू लागले, तेव्हा हा समज सुधारावा लागला. गुदमैथुनात होणाऱ्या जखमा व रक्तस्राव, लैंगिक साधनांचा सामायिक वापर, उपदंशासारखे व्रण आणि संबंधांच्या वेळी मादक द्रव्यांचे सेवन ही त्यामागील कारणे दिसून आली. भारतात मणिपूर, पंजाब अशा राज्यांत सामायिक सुया हा या रोगाचा प्रमुख मार्ग राहिला आहे. म्हणून युरोपचे चित्र येथे जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे. परंतु रक्ताचा नियम सर्वत्र एकच आहे.

येथे एक सूक्ष्म भेद सांगणे आवश्यक आहे. उपचाराने एच.आय.व्ही.चा विषाणूभार मोजता न येण्याइतका कमी झाल्यास तो लैंगिक संबंधातून जोडीदाराला होत नाही. ही दिलासा देणारी गोष्ट सत्य आहे. मात्र हे संरक्षण हिपॅटायटिस-सीला लागू पडत नाही. एका आजाराविषयीचे खरे वाक्य दुसऱ्या आजाराबाबत गैरसमज निर्माण करू शकते.

'गट' आणि माणूस

शासकीय परिभाषेत 'अतिजोखमीचा गट' हा शब्दप्रयोग रूढ आहे. नियोजनासाठी तो सोयीचा असला, तरी वाचकाला तो 'हे माझ्याविषयी नाही' असे म्हणण्याची मुभा देतो. विवाहित, गावात प्रतिष्ठित, पुरुषांशीही संबंध असणारा उभयलैंगिक गृहस्थ स्वतःला कोणत्याही गटात मोजत नाही. धोका ओळखीत नसून कृतीत असतो. म्हणून लेखनही कृतीविषयी असावे. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. कायद्याचे भय ओसरले. डॉक्टरसमोर बोलण्याचा संकोच मात्र शिल्लक आहे.

सोलापूर-धुळे महामार्गावरील चौसाळ्यासारख्या गावाच्या दृष्टीने विचार केल्यास प्रश्न अधिक ठोस होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत तपासणी व औषधे मोफत आहेत. सोफोस्बुविरसह दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा सर्वसाधारणपणे १२ आठवड्यांचा उपचार ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांना पूर्ण बरे करतो. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी परततात. हा उपचार गावी असण्याच्या काळात पूर्ण होऊ शकतो. मात्र ही माहिती त्यांच्यापर्यंत वेळेत आणि त्यांच्या भाषेत पोहोचली पाहिजे. बरे झाल्यानंतरही प्रतिपिंडांची चाचणी होकारार्थी राहते, त्यामुळे विषाणूची प्रत्यक्ष चाचणी करावी लागते. या रोगावर लस नाही. आणि एकदा बरा झालेल्यास तो पुन्हा होऊ शकतो. ही तीन वाक्ये आपल्या किती फलकांवर आढळतात?

समारोप

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. आपले एड्सविषयक कथन मृत्यूपाशी थांबले आहे, 'कावीळ' या शब्दाने एक निःशब्द आजार झाकला आहे, आणि 'गट' या संकल्पनेने वाचकाला स्वतःपासून दूर नेले आहे. तिन्ही दोष भाषेचे आहेत. म्हणूनच ते दुरुस्त करण्याची जबाबदारी केवळ वैद्यकाची नाही, तर भाषा, समाजशास्त्र आणि विज्ञान शिकविणाऱ्या आपल्या सर्वांची आहे. कर्वे यांच्या मासिकाला वाचक प्रश्न पाठवीत, कारण उत्तर मिळेल याची त्यांना खात्री होती. आपल्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याला आज तशी खात्री वाटते काय, हा या चिकित्सेचा अंतिम प्रश्न आहे. बरा होणारा आजार केवळ बोलले न गेल्यामुळे जीवघेणा ठरत असेल, तर त्या मौनाची गणना सभ्यतेत करता येणार नाही.