‘घाशीराम’ : कोतवाल आणि त्याला नेमणारा

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा वाद पेटला तो नाना फडणविसांच्या व ब्राह्मणांच्या बदनामीवरून. दीपनगरच्या वसाहतीत बसून हे नाटक पुन्हा वाचताना मला वेगळाच प्रश्न पडतो : हा कोतवाल जबाबदार कोणाला होता?

पेशवाईतील कोतवाल म्हणजे आजचे पोलीस आयुक्त आणि महापालिका आयुक्त, दोघे एकाच पगडीखाली. पहारा, बाजारभाव, रस्ते, घरांचे व्यवहार, सारे त्याच्या हाती. नेमणूक वरून, शहराला विचारणे नाही. सत्तेचे हे मूळ तेंडुलकरांनी अचूक धरले आहे. घाशीराम मुलगी देऊन कोतवाली मिळवतो आणि लोक खवळताच नाना त्याच्याच मृत्यूचा हुकूम देतो. नेमलेला मरतो, नेमणारा शाबूत राहतो.

परंतु या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे. त्याचे दुःख या नाटकाचा विषय होत नाही. १७९१ साली कोठडीत ब्राह्मण मेले म्हणून खऱ्या घाशीरामाला दगडांनी ठेचले गेले. महार-मांगांच्या छळाचा जाब कोणत्या कोतवालाला विचारला गेला?

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. आमच्या खानदेशात जळगाव व धुळे येथील नगरसेवकांची मुदत २०२३ साली संपली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शासनाने नेमलेला प्रशासक हाच सभागृह होता. कार्यकारी अधिकार कायद्याने आयुक्ताकडे असतातच. त्याला प्रश्न विचारणारेही उरले नाहीत. ७४व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना मिळालेल्या राखीव जागा तेवढा काळ रित्या राहिल्या. गावगाड्याच्या मुजोरीपुढे नेमलेल्या अधिकाऱ्याचा आपल्याला कधी आधार वाटला आहे, हे मी नाकारत नाही. पण आधार म्हणजे हक्क नव्हे. अधिकारी बदलला की आधारही जातो.

नाटकाच्या शेवटी जमावाला घाशीराम मिळतो, नेमणुकीचा अधिकार मात्र नानाकडेच राहतो. तेंडुलकर तेथे थांबले. पुढचा अंक आपल्या नाटककारांनी लिहावयाचा आहे. त्यात रस्ता झाडणारी बाई सभागृहात उभी राहील आणि आयुक्ताकडे हिशेब मागेल.