चार शाद्या आणि एक जनाजा

'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' हा इंग्रजी चित्रपट १९९४ सालचा. दिग्दर्शक माइक न्यूवेल, पटकथा रिचर्ड कर्टिसची. उत्कृष्ट चित्रपट आणि मूळ पटकथा यांसाठी त्याला ऑस्करची नामांकनं मिळाली होती. आम्ही तो परवा पुन्हा पाहिला, तोही नांदेडला एक आणि लातूरला एक अशा दोन शाद्या लागोपाठ उरकून. बगारा खाना आणि दालच्याची सुस्ती अंगावर होती म्हणून असेल, पण या खेपेस चित्रपट विलायती वाटलाच नाही.

कथा चार ओळींची. चार्ल्स (ह्यू ग्रँट) हा सडाफटिंग तरुण दुसऱ्यांच्या लग्नांना जातो आणि उशिरा पोहोचतो. पहिल्याच लग्नात शहाबाल्याचा मान त्याच्याकडे, आणि अंगठ्या विसरणाराही तोच. तिथं त्याला कॅरी (अँडी मॅकडॉवेल) दिसते. पुढं ती लग्नालग्नांतून भेटत राहते आणि तिसरं लग्न तर तिचंच निघतं, दुसऱ्याशी!

आता सांगा, यात परकं काय आहे? कार्डावर 'बाद नमाज-ए-जोहर' छापायचं आणि वरात असरला आणायची, ही आमची जुनी रीत. दुसऱ्या लग्नातला नवशिका पाद्री (रोवन अॅटकिन्सन) नावांची आणि विधीच्या शब्दांची जी गल्लत करतो, ती पाहताना आम्हाला मेहरची रक्कम 'सिक्का राइजुल वक्त' म्हणून पुकारायच्या ऐन क्षणी दोन्हीकडचे मामू घासाघीस सुरू करतात, ते आठवलं. काझीसाहेबांचा चेहरा तेव्हा थेट त्या पाद्र्यासारखा होतो.

उलट ज्या पडद्यावर आम्ही असायला हवे होतो, तिथं आम्ही नाही. 'चौदहवीं का चाँद' (१९६०) घ्या की 'मेरे महबूब' (१९६३). मुसलमान म्हटला की तो शेरवानीतला, लखनवी अदबीचा आणि शायरीत बोलणारा. गंजगोलाईत मराठीत भाव करणारा आणि घरी येऊन अम्मीला दखनीत 'हौ' म्हणणारा मुसलमान त्या हवेलीत शिरला असता तर दरबानानं हाकलला असता. आमच्या फजितीवर प्रेमानं हसणारा चित्रपट आम्हाला विलायतेत शोधावा लागतो, ही गंमत आहे आणि दुखणंही.

पण कौतुक पुरे. चौथ्या लग्नात चार्ल्स हेन्रिएटाशी उभा राहतो. कुणाची हरकत आहे का, असं पाद्री विचारतो. तेव्हा चार्ल्सचा मूकबधिर भाऊ हातांच्या खुणांनी बोलतो आणि नवरदेवाचं मन दुसरीकडं असल्याचं भर चर्चमध्ये उघड होतं. हेन्रिएटा एक ठोसा लगावते, प्रेक्षक हसतात, आणि चित्रपट तिला तिथंच टाकून कॅरीकडं धावतो. पांढऱ्या पोशाखातल्या त्या मुलीच्या मनाची त्याला त्या क्षणी फिकीर नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हीही हसलो होतो. आता हसू आलं नाही.

कारण आमच्याकडं प्रश्न मुलीला आधी विचारतात. वकील आणि दोन गवाह तिच्याकडं जातात. पण तिथं होतं काय? घुंघट, गर्दी, आणि मागून खालाचं कोपर. मान हलली की हलवली गेली, हे कोण पाहतो? कुंवाऱ्या मुलीचं मौन ही रजामंदी, असं फिकहच्या किताबांत आहे. ती सवलत तिच्या लाजेसाठी होती, आमच्या घाईसाठी नव्हती. त्या भावाला बोलता येत नव्हतं, तरी तो बोलला. आमच्या मुलींना बोलता येतं.

राहिला जनाजा. तिसऱ्या लग्नाच्या दावतीत गॅरेथ हा सगळ्यांत खुशमिजाज दोस्त हार्टफेल होऊन कोसळतो. त्याच्या दफनविधीत मॅथ्यू बोलायला उभा राहतो आणि मित्रांना उमगतं, की आपल्या टोळीत खरं जोडपं हे दोघंच होते. त्यांच्यासाठी कुणी कार्ड छापलं नव्हतं. हा चित्रपटाचा सर्वांत खरा प्रसंग आहे. विनोदी चित्रपटात तो उपरा वाटत नाही, ही कर्टिसची कमाई.

शादीला बुलावा लागतो, मयतीला लागत नाही. मशिदीच्या भोंग्यावरून ऐलान झालं की रुसलेले चुलतेही खांदा द्यायला येतात, आणि वेळेवर येतात. चार्ल्सदेखील त्या दिवशी उशिरा आला नव्हता.